घरातलं घरात

अगं नीता, ते कपडे राहू देत जरा, इकडे ये. शेवटच्या रो-हाऊसमधल्या जोश्यांचं कळलं का? काल संध्याकाळी घरभर अंधार. लाइट गेली नव्हती हं, तुमच्याकडे होतीच ना? नेट गेलं होतं! कोपऱ्यावर खोदताना कुणीतरी फायबर तोडली, आणि जोशीवहिनी हॉलमध्ये मोबाइल धरून उभ्या. अ‍ॅपमधलं चक्र आपलं गरगर फिरतंय. लाखभर रुपये मोजून सगळं घर ‘स्मार्ट’ करून घेतलंय म्हणे. बल्बना थेट लाइन, भिंतीवरची बटणं नुसती शोभेला. म्हणजे बघ, मोबाइल हॉलमध्ये, बल्ब हॉलमध्ये, मध्ये दहा फूटसुद्धा अंतर नाही. पण निरोप आधी जाणार कंपनीच्या सर्व्हरला, तो कुठल्या देशात आहे देव जाणे, आणि तिथून परत येणार पाथर्डी फाट्याला. शेवटी निरांजनाच्या उजेडात जेवले. वहिनींनीच सांगितलं, मी काही विचारायला गेले नव्हते. विरजण मागायला गेले होते.

आमच्याकडे? आमचंही नेट गेलंच होतं की, फायबर एकच. ह्यांची मॅच अडकली तेव्हा कळलं. बाकी तुळशीपाशी दिवा लागला, फाटकावरचा लागला, वरची टाकी भरली आणि मोटर बंद झाली. घराचा मेंदू घरातच आहे, त्याला दिवा लावायला बाहेर कुणाची परवानगी कशाला लागतेय?

कुठे म्हणजे? चपलांच्या रॅकवर तो जुना लॅपटॉप दिसतो ना, झाकण मिटलेला? तोच. आमचा निखिल नेदरलँड्सला जाताना टाकून गेला होता, स्क्रीनला तडा गेलेला. भंगारवाला चिल्लर देत होता. मी म्हटलं, राहू दे. त्यावर होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे गं, एक पैसा नाही. पुष्कळ लोक ते रास्पबेरी पाय म्हणून छोटं बोर्ड मिळतं, त्यावर चालवतात. चांगलंच चालतं, पण त्यात बहुतेक वेळा मेमरी कार्ड घालतात, आणि आपल्याकडे लाइट अशी धाडकन जाते की लिहिता लिहिता कार्डच खराब होतं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी. लाइट गेल्याचा त्याला पत्तासुद्धा लागत नाही. राउटरला तेवढा एक छोटा बॅकअप लावलाय. हां, जुनी बॅटरी फुगत नाहीये ना, हे अधूनमधून हात फिरवून बघायचं. वीज म्हणशील तर दहा-पंधरा वॅट, म्हणजे महिन्याला सात ते अकरा युनिट. तुझा सेट-टॉप बॉक्स रात्रभर चालू असतो तोही काही उपाशी नसतो.

हे होम असिस्टंट सुरूही निखिलच्या तिकडच्याच एका डच पोराने केलं, पाउलस स्खाउत्सेन. २०१३ मध्ये. सूर्य मावळला की घरातले दिवे आपोआप लागावेत, एवढीच त्याची हौस, म्हणून पायथनमध्ये चार ओळी खरडल्या. आता जगभरची माणसं त्यात भर घालतात. आणि २०२४ मध्ये त्यांनी सगळं एका ना-नफा संस्थेच्या नावावर केलं, ओपन होम फाउंडेशन, स्वित्झर्लंडमध्ये आहे. म्हणजे उद्या कुणी शेठजी येऊन विकत घेईल आणि टाळं लावेल ही धास्ती नको.

अगं, लावतात टाळं! अमेरिकेत इन्स्टिऑन म्हणून कंपनी होती, दिवे-बटणंच विकायची. २०२२ च्या एप्रिलमध्ये एके दिवशी सर्व्हर गप. ना पत्र, ना फोन, ना निरोप. लोकांचं अ‍ॅप उघडेना, वेळापत्रकं बंद पडली. ज्यांनी आधीच होम असिस्टंटला जोडून ठेवलं होतं त्यांचं मात्र चालू राहिलं, कारण ते थेट घरातल्या हबशीच बोलत होते. पुढे जूनमध्ये गिऱ्हाइकांपैकीच काही जणांनी मिळून कंपनी विकत घेतली, तेव्हा कुठे सर्व्हर परत उठला. म्हणजे स्वतःच्या घरातला दिवा लावायला कंपनी विकत घ्यायची पाळी! मी जोश्यांना हे घर सजवायच्या आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, आमची कंपनी मोठी आहे. असो.

आमचं पहिलं काम मात्र त्या डच पोरासारखंच, दिवेलागण. डिसेंबरच्या सुरुवातीला नाशकात सूर्य सहाच्या आधीच बुडतो आणि जूनअखेर सव्वासात होतात. टायमर लावला की दर पंधरवड्याला काटा सरकवत बसा. ह्याला घर नकाशावर दाखवलं की सूर्यास्ताचं गणित तो रोज नव्याने मांडतो, नेट न विचारता. मी लिहिलंय, सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी तुळस आणि फाटक, रात्री अकराला फाटक बंद, तुळस पहाटेपर्यंत. बस्स. एवढ्याला नियम म्हणतात. कधी, कोणत्या अटीवर, काय करायचं. भिशीचे नियम याहून अवघड आहेत, आणि ते तरी कोण पाळतं?

बटणामागे रिलेची छोटी डबी बसवायची असते. त्यासाठी बोर्ड मीच उघडले, वायरमन नाही बोलावला. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली हे विसरतेस तू. आम्ही शिकलो तेव्हा स्ट्रोजर होतं, खोलीभर रॅक आणि रात्रंदिवस रिलेंचा कटकटाट. मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि सगळं मुकं झालं. त्यामुळे आता दिवा लागताना बटणामागे ‘टिक्’ वाजतं ना, ते मला फार आवडतं. हे म्हणतात आवाज न करणारी डबी मिळते, ती घे. नाही घेत.

कसं करायचं सांगते. आधी मेनचा एमसीबी खाली, आणि टेस्टर लावून खात्री. कुणी म्हणालं ‘बंद केलंय’ म्हणून विश्वास ठेवायचा नाही, नवऱ्याने म्हटलं तर मुळीच नाही. मग खाचेत पेचकस घालून वरची प्लेट अलगद काढायची. आत लाल, काळ्या, हिरव्या वायरींचा गुंता असतो. परदेशातल्या लोकांची एक कायमची रड आहे, बटणाच्या बोर्डात न्यूट्रलच नसते, आणि या रिलेच्या डबीला ती लागते. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर बटणांच्या रांगेतच एखादं पाच पिनांचं सॉकेट असतं, त्यामुळे न्यूट्रल तिथे आयती येऊन बसलेली. तिथून एक तुकडा काढून डबीला द्यायचा. फेज यायची, दिव्याची वायर जायची, आणि भिंतीवरचं बटण त्या डबीच्या बारक्या दोन टोकांना. झालं. बटण पूर्वीसारखंच खटकन चालतं, आणि वरून लॅपटॉपलाही दिवा लावता येतो. उद्या लॅपटॉप मेला तरी बटण चालतंच. हे नसेल तर ते घरात आणूच नकोस, फुकट मिळालं तरी.

खरी मारामारी जागेची असते. आपल्या या लाइनीतल्या लोखंडी डब्या उथळ, आणि बिल्डरच्या वायरमनने वायरी अशा कोंबल्यात की काडेपेटीएवढी वस्तू आत जाईना. हॉलच्या बोर्डात मी वायरी एकेक इंच कापून, वळवून, टोकं नीट आवळून बसवली. जिन्यातलं बोर्ड सोडून दिलं. खालून-वरून दोन्हीकडून लागणारा दिवा तो, तिथे सॉकेटही नाही आणि न्यूट्रलही नाही. राहिना का जिना अडाणी.

बल्ब? नको गं बाई, ते स्मार्ट बल्ब घेऊ नकोस. सासूबाई जाता-येता बटण बंद करतात, जन्माची सवय. बटण बंद केलं की बल्ब मेलाच, मग त्याला फोनवरून कितीही हाका मार. शिवाय लाइट जाऊन परत आली की यातले पुष्कळ बल्ब आपोआप पूर्ण उजेडाने पेटतात. सोनवण्यांकडे नाही का झालं मागच्या पावसाळ्यात? रात्री तीनला लाइट आली आणि चारही खोल्या लखलखीत. त्यांच्या सुनेला वाटलं चोर शिरले. लाइट आल्यावर आधी होतं तसंच राहा, असं सेटिंग असतं त्यात, पण ते बघतंय कोण?

या डब्या वायफायवर नाही, झिगबीवर बोलतात. वायफायची वीस-पंचवीस यंत्रं झाली की आपले राउटर दमतात. लॅपटॉपला एक डोंगल लावलाय, तो सगळ्यांशी बोलतो. मागच्या खोलीपर्यंत पोचतं ना, कारण लाइनवर चालणारी प्रत्येक डबी ऐकलेलं पुढच्या डबीला सांगते. आपल्या कॉलनीत बातमी जाते तसंच. तुझ्या कानात पडली की मागच्या लाइनीत पोचलीच म्हणून समज. काय झालं हसायला? खरं तेच बोलतेय. छोट्या सेलवरचे सेन्सर मात्र दुसऱ्याचं काही नेत-आणत नाहीत, आपलं तेवढं सांगतात आणि झोपतात, म्हणून तर एका सेलवर वर्ष-दोन वर्षं काढतात. आणि डोंगल लॅपटॉपला चिकटवून लावायचा नाही. यूएसबी ३ च्या खाचेजवळ त्याला ऐकूच येत नाही, तिथला गोंगाट नेमका त्याच्याच पट्टीतला. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून लांब ठेवायचा. ही साधी गोष्ट त्या डब्यावर कुणी छापत नाही.

पाण्याचं विचारत होतीस ना? तेच खरं सुख आहे बघ. पहाटे पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, तिथून वर चढवायचं. पूर्वी हे गच्चीवर जाऊन झाकण उघडून बघायचे, नाहीतर मग तुमच्या अंगणात आमचं पाणी पडायचं. आठवतंय ना, तू काही बोलली नाहीस पण तुझ्या सासूबाई बोलल्या होत्या. आता वरच्या टाकीत दोन फ्लोट सोडलेत, एक खाली, एक वर. खालचा सांगतो मोटर लाव, वरचा सांगतो बंद कर. फक्त मोटर त्या चिमुकल्या डबीला थेट जोडायची नाही हं. एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि आतला रिले चिकटून बसतो. मग मोटर बंदच होत नाही. डबीने कॉन्टॅक्टर ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर चालवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, पंचवीस मिनिटांत टाकी भरली नाही तर मोटर बंद कर आणि माझ्या फोनवर सांग. म्हणजे खालची टाकी रिकामी आहे. कोरडी मोटर चालली की जळायला वेळ लागत नाही, आणि वाइंडिंगवाला काय घेतो ते कुणालाही विचार.

गीझरचं गणित मी ह्यांना कागदावर मांडून दाखवलं. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा. थंडीत पंधरा अंशांचं पाणी पन्नासपर्यंत जायला अठरा मिनिटं पुरतात. हे तो साडेपाचला लावून पेपर वाचत बसायचे. थर्मोस्टॅट तोडतो हे खरं, पण पाणी निवतं, परत तापतं, परत निवतं. आता तो वीस मिनिटांत बंद होतो, आणि उशीर झाला तर गार पाण्याने. दोन दिवस धुसफुस झाली, मग सुतासारखे सरळ. तिथेही तेच, नऊ अँपिअरचं काम आहे, जाड डबी लागते, स्वस्तातली वितळते. बिलात फरक? पडतो की. महावितरणचा दर शंभर युनिटनंतर चढतो, तीनशेनंतर आणखी चढतो. आम्ही तीनशेच्या काठावर लटकलेले असायचो. पण खरा फरक जुने पंखे काढून बीएलडीसी लावले त्याने पडला. पंच्याहत्तर वॅटच्या जागी अठ्ठावीस. त्याला काही लॅपटॉप लागत नाही. हे जोश्यांना सांगू नकोस, नाहीतर म्हणतील काकूंचं सगळं फुकटच गेलं.

खर्च म्हणजे एका डबीला हजार-दीड हजार, सेन्सर त्याच्या अलीकडे-पलीकडे, डोंगल दोन हजारांच्या थोडा वर. सगळं एकदम करायचं नाही. एक बोर्ड, मग महिनाभर थांब. आणि दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी नवी आवृत्ती येते, ती लगेच घ्यायची नाही. आधी दुसऱ्यांना आपटू दे. घ्यायच्या आधी बॅकअप पेनड्राइव्हवर. गावाला गेलं की? तेव्हा टेलस्केल चालू करते, आपल्या आपल्यापुरता बोगदा असतो तो. राउटरला भोकं पाडून घर जगाला उघडं करायचं नाही.

बोलणारा स्पीकर आणायला निखिल मागे लागलाय. मराठी ऐकणारंही आता आहे, घरातल्या घरात चालणारं, पण या म्हाताऱ्या लॅपटॉपवर ‘दिवा लाव’ म्हटल्यावर दिवा लागेपर्यंत मी उठून लावून येते. आणि कान नकोत गं घरात. कॅमेराही फक्त फाटकावर. आत कोण काय करतंय, कधी उठतंय, कधी निजतंय, ते बाहेर कशाला जायला हवं? घरातलं घरात राहावं, एवढंच माझं म्हणणं.

आता ही गंमत ऐक. जवळ ये, ह्यांची खिडकी उघडी आहे.

सासूबाईंना रात्री उठावं लागतं, म्हणून पॅसेजमध्ये सेन्सर लावलाय. अकरानंतर माणूस दिसला तर दिवा लावायचा, पण दहा टक्केच, डोळ्यांवर यायला नको. आधी साधा हालचालीचा होता. त्या मध्येच भिंतीला धरून टेकल्या की त्याला वाटायचं कुणी नाही, आणि दिवा बंद. मग रडारवाला आणला, तो स्थिर बसलेलं माणूससुद्धा श्वासावरून ओळखतो. पण त्याला हॉलमधला छताचा पंखाही माणूसच वाटायला लागला, रात्रभर दिवा जळतोय. शेवटी मी त्याचं तोंड वळवलं आणि अंतर कमी केलं. हॉलचा पंखा दिसेनासा झाला, प्रश्न मिटला.

फ्रिजच्या दारालाही एक सेन्सर आहे. दार दोन मिनिटांच्या वर उघडं राहिलं तर फोन वाजतो. सगळ्यांच्या नोंदी राहतात, आपण वेगळं सांगितलं नाही तर दहा दिवसांच्या. तर मागच्या आठवड्यात सहज बघत होते, तर फ्रिज रोज रात्री दीडच्या सुमाराला उघडलेला! जेमतेम अर्धा मिनिट. आणि श्रीखंडाचा डबा रोज बोटभर खाली. डॉक्टरांनी गोड बंद केलंय ते दोघांचं, ह्यांचंही आणि सासूबाईंचंही. मी नोंदी जुळवून पाहिल्या. फ्रिज उघडला, पण पॅसेजचा दिवा लागलाच नाही. सासूबाईंची खोली पॅसेजच्या त्या टोकाला. म्हणजे त्या नाहीत. राहिलं कोण?

ह्यांना काही बोलले नाही. नुसतं जेवताना साखरेच्या रिपोर्टचा विषय काढत राहिले. हे म्हणतात, आज तुला झालंय काय?

परवा सासूबाईंच्या कपाटातल्या साड्या उन्हात घालायला काढल्या, तर पोथीच्या मागे वाटी आणि चमचा. वाळलेलं केशर चिकटलेलं. मी वाटी घेऊन समोर उभी राहिले. शहाऐंशी वर्षांची बाई, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. म्हणाल्या, ‘तुझा तो डोळा उजव्या भिंतीकडे बघत नाही. मी दिवसा चालून बघितलंय. भिंतीला लागून गेलं की दिवा लागत नाही.’ मी पंख्यासाठी तोंड वळवलं ना, ती नेमकी तेवढी पट्टी मोकळी राहिली होती! एक्स्चेंजमधल्या आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांना अशी लाइन सापडायची नाही.

काय करणार? त्या अंधारात भिंत चाचपत जातात हे काही बरं नाही, म्हणून पॅसेजला दुसरा सेन्सर लावला. श्रीखंड खाल्लं की नाही हा प्रश्न नाही, या वयात पडल्या तर काय? आणि फ्रिजचा काढून गच्चीच्या दाराला लावला, पावसात ते उघडं राहतंच. ह्यांनी विचारलं, तर सांगितलं सेल संपला. तुला विचारलं तर तूही तेच सांग.